कोलंबियाचे चाळीस टक्के

प्रश्न : ताई, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी अकरावी सायन्सला, ए ग्रुपला, म्हणजे गणिताच्या गटात आहे. गुजरात बोर्ड, इंग्लिश मीडियम, दहावीला 94 टक्के. गणित आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे तिचा जीव की प्राण. सासरे तिला लहानपणापासून सांगत आलेत की सयाजीरावांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, म्हणून तिला कोलंबियाच हवं आहे. अलकापुरीतल्या एका कन्सल्टंट सरांनी छापील कागद दिला : कोलंबिया 40 टक्के चान्स, कॉर्नेल 60 टक्के. त्यांची फी अडीच लाख. 20 ठिकाणी भरा, एक तरी लागेलच, म्हणाले. सॅटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, सरावात तिला 1600 पैकी 1480 मिळतात. माझं डब्यांचं काम आहे, रोज 60 डबे. त्याचा हिशेब ती बघते. तो वेळ वाया जातो, त्याऐवजी दोन ऑनलाइन सर्टिफिकेट करा, असं सर म्हणतात. मिस्टरांचा पगार आणि डबे मिळून वर्षाचे 12 लाख होतात. तिचे खरे चान्सेस किती? आणि घरात आम्ही मराठी बोलतो, ते अर्जात लिहायचं असतं का?

उत्तर : तो छापील कागद आधी बाजूला ठेवा. 2024 साली कोलंबियाकडे 60 हजारांवर अर्ज आले आणि शंभरातल्या चौघांनाही जागा मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांत संघात घ्यायचे खेळाडू आले, प्रवेश मिळाला तर येणारच असं आधी लिहून देणारे आले, तिथेच वाढलेली मुलं आली. एवढ्यातून दांडिया बाजारातल्या एका मुलीचे 40 टक्के कुणालाच काढता येणार नाहीत. मी 31 वर्षं गणित शिकवलं आहे. असे आकडे पाहिले की मला राग येतो, कारण त्यांच्या भरवशावर आईबाप ठेवी मोडतात.

20 ठिकाणच्या अर्जांचंही तसंच. प्रत्येक ठिकाणी 4 टक्के धरले, तर सगळीकडून नकार येण्याची शक्यता म्हणजे 0.96 चा विसावा घात, सुमारे 0.44. म्हणजे एक तरी लागण्याची 56 टक्के, ऐकायला छान. पण हा गुणाकार नाण्याच्या छापाकाट्याला चालतो. इथे विसाही ठिकाणी तेच मार्क, तोच निबंध, तीच शिफारसपत्रं जाणार. एका ठिकाणी जे कमी पडलं ते बहुतेक दुसरीकडेही कमी पडणार. स्वतंत्र घटना कशाला म्हणतात ते लेकीला विचारा, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावेल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात मार्कांपेक्षा महत्त्वाचा आकडा 12 लाखांचा आहे, आणि सरांच्या कागदावर तो दिसत नाही. कोलंबियात राहण्याजेवणासह एका वर्षाचा खर्च सुमारे 90 हजार डॉलर, म्हणजे 75 लाखांच्या वर. विद्यापीठाच्या आर्थिक मदतीशिवाय तुम्हाला ते शक्य नाही. आणि परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे का, हे कोलंबिया प्रवेश ठरवतानाच बघते. एकदा घेतलं की गरजेइतकी मदत पूर्ण देतात, पण घेण्याआधी तो विचार होतो. मदत न मागता आत जाऊ, मग बघू, हा मार्ग मनातही आणू नका. सुरुवातीला मागितली नाही तर बऱ्याच ठिकाणी पुढे मागताच येत नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅम्हर्स्ट, बोडन अशा थोड्याच जागा परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता निवड करतात आणि गरज पूर्ण भागवतात. निवड तिथेही तितकीच कडक, पण निदान पैशासाठी नाव मागे पडत नाही. उलट कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, बर्कली धरून, परदेशी पदवी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. ती नावं यादीत असली तर आजच काढा. बाकीच्यांसाठी त्या त्या कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे प्रवेशाच्या आणि मदतीच्या आकड्यांचा तक्ता, शोधा. बहुतेक कॉलेजं तो दर वर्षी फुकट प्रसिद्ध करतात. त्यातला एच 6 हा भाग बघा : किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती. एका रविवारी मायलेकी बसलात तर अडीच लाखांच्या सल्ल्यापेक्षा जास्त हाती लागेल.

आणि वर्षाला आपण किती देऊ शकतो, तो आकडा मुलीला आजच सांगा. तिला वाईट वाटेल म्हणून घरं हे लपवतात आणि मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र हातात घेऊन रडतात. आजोबांच्या गोष्टीतही पैसा आधीच ठरला होता : 1913 साली महाराजांनी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती दिली, मग आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. आजोबांना गोष्ट सांगताना हेही सांगायला सांगा.

डब्यांचा हिशेब बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते. कॉमन अ‍ॅपच्या अर्जात, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, दहा कामं लिहायची जागा असते. त्यांच्या प्रकारांत घरच्या जबाबदाऱ्या हा स्वतंत्र प्रकार आहे. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात. प्रत्येक कामाला जागा फक्त 150 अक्षरांची. उत्तरायणाला किती डबे बंद होतात, श्रावणात कांदा-लसूण नको म्हणणारे किती वाढतात, रविवारी किती पोळ्या उरतात, याचा अंदाज ती मांडत असेल तर ते स्टॅटिस्टिक्सच आहे, आणि ते तिचं स्वतःचं आहे. दोन ऑनलाइन सर्टिफिकेटं हजारो मुलांकडे असतात.

शिफारसपत्राबद्दल माझी एक चूक सांगते. 2009 साली एका मुलाने माझ्याकडे पत्र मागितलं. मी चार ओळी लिहिल्या : हुशार, नम्र, कष्टाळू, वक्तशीर. वर्गातल्या साठांतल्या कुणालाही लागू पडेल असं ते पत्र होतं. एकच प्रमेय तीन रीतींनी सिद्ध करून तो घंटा झाल्यावरही फळ्याजवळ उभा राहायचा, हे मला ठाऊक होतं आणि मी ते लिहिलं नाही. त्याला कुठेच जागा मिळाली नाही. माझ्या पत्रामुळेच, असं म्हणता येणार नाही, पण ते मनातून जात नाही. म्हणून तुमच्या मुलीने गणिताच्या बाईंना आत्ताच भेटावं आणि वर्गात घडलेले दोन-तीन प्रसंग कागदावर लिहून द्यावेत. बोर्डाच्या शाळांतल्या शिक्षकांना या पत्रांची सवय नसते. अर्जात शाळेच्या काउन्सिलरने भरायचाही एक भाग असतो; शाळेत काउन्सिलर नसेल तर तो मुख्याध्यापक भरू शकतात.

सॅट खरी एकदा देऊ द्या, फार तर दोनदा. 1480 वाईट नाहीत, पण या कॉलेजांत ते खालच्या अंगाला पडतात. निबंध फार तर 650 शब्दांचा असतो. अर्ज 1 ऑगस्टला उघडतात आणि बहुतेकांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणून लिहिण्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत आटपा. पुढे बोर्ड आहे.

देशातली दारंही उघडी ठेवा. गणित-स्टॅटिस्टिक्सची एवढी ओढ असेल तर कोलकात्याची आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), महालनोबिसांनी 1931 साली काढलेली, आणि चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), या दोन्हींच्या प्रवेश परीक्षा तिने द्याव्यातच. त्यांचे जुने पेपर आजपासून सोडवायला घेऊ द्या. माझी विद्यार्थिनी असती तर मी तिला कोलंबियाच्या आधी आयएसआयचं नाव सांगितलं असतं.

मराठीचं विचारलंत ते बरं केलंत. कॉमन अ‍ॅपमध्ये भाषांचा स्वतंत्र प्रश्न असतो : पहिली भाषा कोणती, बोलता, वाचता, लिहिता येते का, घरात बोलतात का. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चारही लिहा. मात्र मराठी लिहिता येते अशी खूण करायची असेल, तर तिने आधी आजोबांना एक पानभर पत्र लिहून दाखवावं.