मंडळातल्या काकांच्या शोकसभेत पहिल्यांदा बोलणार आहेस?

सगळ्यात आधी 'सेवेचा वसा', 'कधीही न भरून येणारी पोकळी' वगैरे खोडून टाक. ते कोणाबद्दलही चालतं. काका नेमकं काय करायचे ते सांग. विसर्जनाला मासुंदा तलावावर निर्माल्य गोळा करताना हारातला नायलॉनचा दोरा ते हाताने सोडवून काढायचे, कारण खतात तो कुजत नाही. रक्तदान शिबिरात मागच्या वेळेपासून पुरुषाला 90 आणि बाईला 120 दिवस झालेत का, हे विचारल्याशिवाय फॉर्म पुढे सरकवत नसत. परत पाठवलेला माणूस चिडला तरी त्याला चहा-बिस्किट देऊनच सोडायचे! यावर कोणी हसलं तर हसू दे.

साल-तारखा काकूंना विचार. मंडळातल्या जुन्या लोकांच्या आठवणीत वर्षं इकडची तिकडे होतात. काकांचा तापटपणा सांगायलाही हरकत नाही, फक्त काकूंच्या कानावर आधी घाल. कागद हातात ठेव, चार मिनिटांत आटप. नगरसेवक आले तर त्यांना आधी बोलू दे, त्यांना पुढे कार्यक्रम असतातच. आणि शेवटी माइकवरूनच विचार: रक्तदात्यांच्या नंबरांची वही आता कोण सांभाळणार? एकांतात विचारलंस तर कोणी हात वर करत नाही.