यादीतली एक गाडी निवड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. एकेचाळीस नावं, आणि खाली तुझा प्रश्न: यांची किट्स, म्हणजे सुटे भाग जोडून करायची छोटी प्लॅस्टिकची मॉडेलं, कुणीच का काढत नाही? दोनदा वाचली, मग पेन्सिल घेऊन बसलो आणि सव्वीस नावं खोडली. रागावू नकोस. ते सगळे रणगाडे, लढाऊ विमानं आणि रेसच्या गाड्या होत्या. त्यांची किट्स आहेत, फक्त तुला हवं ते व्हर्जन नाही. असं व्हर्जन आज ना उद्या येतं, कारण मुख्य साचा तयार असतो. एखादी स्प्रू (सुट्या भागांची चौकट) नवी घातली, डिकॅल (वर चिकटवायची चित्रं आणि अक्षरं) बदलले की काम होतं. तेवढी वाट बघ.

उरल्या पंधरा. कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर, रोड रोलर, शाळेची बस, जुनी रुग्णवाहिका... ही यादी वाचून मला फार बरं वाटलं. दिवसभर राबणाऱ्या गाड्यांकडे इतक्या प्रेमानं बघणारे कमी असतात.

त्यांची किट्स निघत नाहीत याचं कारण साच्यात आहे. पोलादी साचा कोरून घ्यायला इतका खर्च येतो की हजारोंनी किट्स खपल्याशिवाय तो वसूल होत नाही. आणि बहुतेक माणसं किट घेतात ते स्वप्नातल्या गाडीचं. रोज डोळ्यांसमोरून जाणारी गाडी कुणाच्या स्वप्नात येत नाही, ती भंगारात गेल्यावरच आठवते. एकेकाळी अमेरिकेत साध्या घरगुती गाड्यांचीही मॉडेलं निघत, कारण ती डीलरकडे जाहिरात म्हणून ठेवली जायची आणि गाडीची कंपनी स्वतःच त्यात रस घ्यायची. त्याच मॉडेलांच्या जोरावर एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये १/२५ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी, किट्स बाजारात आणली. कचऱ्याच्या गाडीची जाहिरात करायला मात्र कुणी पुढे येत नाही.

तरी निराश होऊ नकोस. किट काढणाऱ्या कंपन्यांपैकी हासेगावाने १/३५ मध्ये यान्मारचा शेतीचा ट्रॅक्टर काढला, मिनीआर्टने ट्राम काढली, आयसीएमने १/२४ मध्ये १८८६ ची बेंझची तीनचाकी काढली. कुणाच्या ना कुणाच्या यादीत ही नावं वर्षानुवर्षं पडून असणारच. पण तुझ्या पंधराच्या पंधरा गाड्या कुणीतरी काढेल या आशेवर बसलास तर हातात काहीच येणार नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की त्यातली एक निवड आणि आत्ताच मोजून घे. मॉडेल पाच वर्षांनी केलंस तरी चालेल. मोजमापाला मात्र थांबून चालणार नाही.

हे इतकं जीव तोडून का सांगतोय, तेही सांगतो. मला एक जुना पाण्याचा टँकर करायचा होता. तो एका भिंतीला अगदी लागून उभा असायचा. डाव्या बाजूचे तीसेक फोटो काढले, नळांची तोंडं मोजली, शिडीच्या पायऱ्या मोजल्या. उजवी बाजू पुढच्या वेळी, असं म्हणून परत आलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथे फक्त तेलाचे डाग होते. टँकर तोडायला गेला होता. मॉडेल मी पूर्ण केलं, पण त्याची उजवी बाजू अंदाजाने केलेली आहे, आणि ते मला अजून खुपतं.

मोजताना आधी चालकाची परवानगी घे. आपल्या गाडीत कुणाला रस आहे म्हटल्यावर ही माणसं आनंदाने बॉनेट उघडून दाखवतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, सगळ्यात आधी घे. बाकी सगळं त्यावर बेततं. जुन्या बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये बरोबर १०० मिलिमीटर. हिशेब इतका सोपा नेहमी येत नाही, पण रीत हीच. फोटो काढताना गाडीला मीटरपट्टी टेकवून ठेव आणि लांब जाऊन झूम करून काढ. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो, आणि त्यावरून ड्रॉइंग केलंस तर दार रुंद होतं.

टायरला टेप लावायचीही गरज नाही, माप त्याच्यावरच लिहिलेलं असतं. १८५/६५ आर १५ असं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२०, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१. वरची आणि खालची अशा दोन्ही कडा धरून व्यास ६२१ च्या आसपास येतो. १/२४ मध्ये २६ मिलिमीटर. झिजलेला टायर थोडा कमी भरतो, तेवढं चालतं.

स्केल ठरवताना आवडीपेक्षा सुट्या भागांचा विचार कर. मोठ्या ट्रकची चाकं आणि इंजिनं १/२४ मध्ये मिळतात, तर माणसं आणि लष्करी ट्रकचे टायर १/३५ मध्ये भरपूर. (हे १/३५ कुठून आलं माहीत आहे? तामिया या जपानी किट कंपनीने आपल्या पँथर रणगाड्याच्या मॉडेलच्या पोटात बॅटऱ्या मावतील असा आकार धरला, त्यातून ते ठरलं.) चाक एकच नीट बनव, त्याचा सिलिकॉनचा साचा कर आणि बाकीची रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) ओत. बॉडीला स्टायरीन शीट (प्लॅस्टिकचा पातळ पत्रा) घेशील तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव: १/२४ मध्ये १ मिलिमीटरची शीट म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर जाड पत्रा. जिथे कड दिसते, दाराची, मडगार्डची, तिथे आतून घासून ती पातळ कर. एवढ्यानेच मॉडेल खेळण्यासारखं दिसायचं थांबतं.

थ्रीडी प्रिंटबद्दल विचारलं होतंस. जरूर वापर, जाळ्या आणि दिवे त्यात सुरेख येतात. पण फाइल करणाऱ्याने गाडी मोजली होती का, हे आधी विचार. तामियाने पोर्शे ९३४ चं १/१२ किट करण्यासाठी एक पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. तू रोड रोलर सुटा करू शकणार नाहीस, पण त्याच्याखाली वाकून बघू शकतोस.

मला विचारशील तर कचऱ्याची गाडी निवड. मागचा दाबयंत्राचा भाग, त्याचे हायड्रॉलिकचे पाइप, घासून घासून चकाकलेली कड, रंगाचे तीन थर एकमेकांखालून डोकावणारे. वर्षभर पुरेल इतकं काम त्यात आहे. आणि मला पहिला फोटो पाठवशील तो उजव्या बाजूचा पाठव.

तुझा,
एक जुना मॉडेलर