अल्कासाबा आणि कसबा पेठ, नातं आहे का?

प्रश्न असा आलाय की स्पेनमधल्या मालागा गावात टेकडीवर जुना किल्ला आहे, त्याला अल्कासाबा म्हणतात, तर पुण्याच्या कसबा पेठेशी त्याचं काही नातं आहे की नुसता नादसारखेपणा?

नातं आहे, चांगलं सख्खं. दोन्हीकडे अरबीतला 'कसबा'च, फक्त स्पॅनिशने त्याच्या आधीचं 'अल' पण सोबत उचललं. हे 'अल' म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखं, पण लोक ते विसरले आणि आता त्याच्याआधी परत स्वतःचं 'ला' लावून 'ला अल्कासाबा' म्हणतात, म्हणजे 'द द कसबा' झालं की! (माद्रिदचा माणूस अल्काथाबा म्हणेल, तो उच्चार वेगळा.)

अर्थ मात्र दोन वाटांनी गेला. तिकडे पश्चिमेला कसबा म्हणजे गावातला तटबंदीचा भाग, बालेकिल्लाच म्हणा ना. मालागाचा मुख्यतः अकराव्या शतकातला, दुहेरी तट, आणि दरवाजातून सरळ आत जाताच येत नाही, काटकोनात वळावं लागतं, आपल्याकडे गोमुखी दरवाजात शत्रूला वळायला लावतात तोच हिशोब. पायथ्याशी रोमन थिएटर आहे आणि तिथले खांब सरळ वर नेऊन दरवाजाला वापरलेत, एका दरवाजाचं नावच खांबांचा दरवाजा. फुकटचा घडीव दगड कोण सोडतो.

आपल्याकडे शब्द फारसीतून आला तो बाजाराचं मोठं गाव हा अर्थ घेऊन. जुन्या कागदात साधं खेडं असेल तर 'मौजे अमुक' आणि बाजारपेठेचं, परगण्याचं मुख्य गाव असेल तर 'कसबे तमुक', म्हणून कसबे सुकेणे, कसबा बावडा, कसबा संगमेश्वर. तटाबिटाचा संबंध राहिला नाही.

दोन ठिकाणी घोळ होतो. अल्काझार (सेव्हिल, टोलेडोचे) हा वेगळा शब्द, तो अरबी 'कस्र' म्हणजे वाडा, आणि तो मुळात लॅटिन कास्त्रुमवरून. आपलं 'कसब' म्हणजे कौशल्य, ते पण वेगळं, अरबीत त्याचा क आणि स दोन्ही निराळे.

आणि आता जिथे तिथे 'अल' दिसलं की अरबी म्हणू नका, मी 'अलमारी' बरीच वर्षं अरबी समजत होतो, ती निघाली पोर्तुगीज.