डीसीएस वर्ल्ड या विमान-सिम्युलेटर गेममध्ये ए-१०सी हे हल्ला करणारं विमान उडवताना जमिनीवरचे रणगाडे सापडतच नाहीत. ते शोधायचे आणि ओळखायचे कसे?

डोळ्यांनी शोधत बसू नका, टार्गेटिंग पॉड (विमानाला लावलेला कॅमेरा) थेट स्टीअरपॉइंटवर (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूवर) न्या आणि तिथून शोध सुरू करा. त्यासाठी आधी टीएमएस (स्टिकवरचं बटण) मागे दाबून धरा, म्हणजे एसपीआय, म्हणजे विमानाच्या यंत्रणांचा सामायिक लक्ष्यबिंदू, स्टीअरपॉइंटवर येईल, मग चायना हॅट (थ्रॉटलवरचं बटण) पुढे दाबून धरा. पॉड तिकडे वळेल. सुरुवात वाइड व्ह्यूने, इन्फ्रारेडवर (उष्णता दाखवणाऱ्या दृश्यावर). वाहनं एकटीदुकटी क्वचितच असतात, म्हणून रस्ते, झाडीची कड आणि पूल आधी बघा. उष्ण ठिपका दिसला की झूम करून साध्या कॅमेऱ्यावर या, कारण ओळख आकारावरून पटते:

- टी-७२ (रणगाडा): बसका गोल टरेट (वरचा फिरता बुरूज), लांब जाड तोफ
- बीएमपी-२ (सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी): छोटा टरेट, बारीक नळी
- शिल्का (विमानविरोधी तोफगाडी): रुंद चौकोनी टरेट, चार नळ्या, मागे रडारची तबकडी. ही दिसली तर आधी अंतर वाढवा!

डाव्या वळणात घिरट्या घातल्या तर बाजूचा आकार नीट दिसतो. मात्र दोन्ही बाजूंकडे तीच वाहनं असतील तर आकार पुरेसा नाही. जेटॅककडून (जमिनीवरून हवाई हल्ल्याचं मार्गदर्शन करणाऱ्या सैनिकाकडून) खात्री झाल्याशिवाय ट्रिगर दाबू नका.