पॅरिस वाचवणारा जनरल आणि त्याआधीची ३० वर्षं

प्रश्न: नमस्कार सर, जर्मन जनरल डीट्रिश फॉन कोल्टित्सने हिटलरचा हुकूम मोडून पॅरिस वाचवलं असं वाचलं. हे खरं का? आणि 'जनरल ऑफ इन्फन्ट्री' म्हणजे नेमका कुठला हुद्दा?

उत्तर: हुद्द्याचं आधी सांगतो. जर्मन सैन्यात हा लेफ्टनंट जनरलच्या वरचा हुद्दा, आणि अधिकारी ज्या शाखेतला ती शाखा नावात लागायची, म्हणून इन्फन्ट्री, म्हणजे पायदळ. कोल्टित्सला तो १ ऑगस्ट १९४४ला मिळाला आणि आठवड्याभरातच त्याला जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसचा सेनापती म्हणून पाठवलं.

आता मुख्य प्रश्न. हुकूम खरा होता, २३ ऑगस्टचा, पॅरिस शत्रूच्या हातात पडलंच तर ढिगारा म्हणूनच पडायला हवं, आणि शहर उडवलं गेलं नाही हेही खरं. पण त्याचं सगळं श्रेय या एका माणसाला देणं मला अजिबात पटत नाही, कारण १९ तारखेला पॅरिसच्या लोकांनी उठाव केला होता, स्वीडनचे कॉन्सुल नॉर्डलिंग मध्ये पडून युद्धविराम घडवत होते, फ्रेंच जनरल लक्लेर्कची डिव्हिजन शहराच्या तोंडाशी आली होती आणि एवढं मोठं शहर उद्ध्वस्त करायला लागणारं सैन्यच त्याच्याकडे उरलं नव्हतं. त्याने हात आवरला एवढं मी नक्की मान्य करतो. २५ तारखेला त्याने शरणागती दिली.

आणि त्याआधीची कारकीर्द बघा ना. १९१४ला सॅक्सन पायदळात भरती, मे १९४०मध्ये त्याची बटालियन विमानांनी रॉटरडॅमच्या वालहावन विमानतळावर उतरली आणि मास नदीवरच्या पुलांसाठी लढली, १४ मेला त्या शहरावर बॉम्बफेक झाली आणि ८००च्या वर माणसं मेली, त्याला मात्र चारच दिवसांनी नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक. मग १९४२मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलचा वेढा, तिथे त्याच्या रेजिमेंटची पार वाताहत झाली, आणि १९४४च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या नॉर्मंडीत ८४व्या कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजनच्या सैन्यदलाची, कमान.

मला सगळ्यात जास्त हादरवते ती पुढची गोष्ट. पकडल्यावर त्याला लंडनजवळच्या ट्रेंट पार्कमध्ये ठेवलं होतं, तिथे ब्रिटिशांनी लपवलेल्या मायक्रोफोनवर कैदी जनरलांच्या गप्पा टिपल्या, आणि त्यात हा स्वतःच म्हणतो की ज्यूंना संपवणं हे मी पार पाडलेलं सगळ्यात वाईट काम होतं, तरी ते शेवटपर्यंत केलं. म्हणजे पॅरिस वाचवण्याच्या कौतुकाला आठवडाही झाला नव्हता तेव्हाचं हे बोलणं. त्याबद्दल त्याच्यावर खटला कधीच चालला नाही, १९४७ला तो सुटला आणि १९६६ला बाडन-बाडनमध्ये वारला.