'दासेलो'मधला 'से' आणि कानाला न आवडलेला 'लेलो'

प्रश्न: स्पॅनिश शिकते आहे. 'ते विकत घे' म्हणजे 'कोंप्रालो', पण 'ते घेऊ नकोस' म्हणजे 'नो लो कोंप्रेस'. यात 'लो' मागचा पुढे का येतो? क्रियापदही का बदलतं? आणि 'त्याला ते दे' हे 'दालेलो' न होता 'दासेलो' का होतं? वर्गात सांगितलं की 'लेलो' कानाला बरं लागत नाही म्हणून.

उत्तर: क्रियापदाचं आधी उरकून टाकू, कारण त्याबद्दल मराठी माणसाने कुरकुर करावी असं काही नाही. आपण 'घे' म्हणतो, पण नकार आला की 'घे नको' म्हणत नाही, 'घेऊ नकोस' म्हणतो. रूप आपणही बदलतोच. शिवाय 'कोंप्रेस'च्या शेवटचा 'स' आणि 'नकोस'चा 'स' मूळचे एकाच घरातले. द्वितीयपुरुषी एकवचनाचा हा जुना प्रत्यय संस्कृतात 'गच्छसि'मध्ये दिसतो, लॅटिनमध्ये 'आमास'मध्ये. होकारार्थी आज्ञेत मात्र तो कुठेच नाही: संस्कृत 'गच्छ', लॅटिन 'आमा', मराठी 'घे', स्पॅनिश 'कोंप्रा'. म्हणून 'तू'ला आज्ञा करायची तर तृतीयपुरुषी रूप उचला, हा पुस्तकी नियम पाठांतरापुरता ठीक आहे, इतिहास म्हणून साफ चूक. लॅटिनमध्ये 'आमा' म्हणजे 'प्रेम कर' आणि 'आमात' म्हणजे 'तो प्रेम करतो'. पुढे शेवटचा 'त' गळाला आणि दोन वेगळी रूपं एकसारखी दिसू लागली, इतकंच.

आता 'लो'ची जागा. आपल्याकडच्या शिकणाऱ्यांच्या तोंडून 'लो कोंप्रा!' अशी आज्ञा ऐकली की माझं डोकं फिरतं. 'लो कोंप्रा' म्हणजे 'तो ते विकत घेतो'. आज्ञा आणि विधान यांतला फरक तिथे सर्वनामाच्या जागेवरच उभा आहे, आणि आपण 'ते घे', 'मला सांग' या मराठी क्रमाने तो पुसून टाकतो. 'मे दी' नव्हे, 'दीमे'.

जुन्या स्पॅनिशमध्ये असा दंडक होता की ही आघात नसलेली सर्वनामं वाक्याच्या सुरुवातीला येऊच शकत नाहीत. त्यांना टेकायला आधी काहीतरी लागतं. आज्ञेत क्रियापदच पहिलं, म्हणून त्याला टेकली: 'कोंप्रालो'. नकारात 'नो' पुढे आला, टेकू मिळाला, 'लो' तिथे सरकला. साध्या विधानांत हा दंडक पुढे ढिला पडला, आज्ञेत तो तसाच गोठून राहिला. 'लो'ने उडी मारली असं तुम्हाला वाटतं, पण उलट तो शेकडो वर्षं जागचा हललेला नाही.

युरोपात याची चर्चा निघाली की असे हलके शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतात हे सांगणाऱ्या वाकरनागेल या स्विस पंडिताच्या १८९२ सालच्या लेखाचं नाव निघतं. निघो बापडं. आपल्या पाणिनीने आठव्या अध्यायाच्या पहिल्याच पादात 'अनुदात्तं सर्वमपादादौ' असा अधिकार (पुढच्या सूत्रांना लागू होणारा नियम) सांगून मे, ते, मा, त्वा, नः, वः या रूपांना पादाच्या, म्हणजे श्लोकाच्या चरणाच्या, आरंभी बंदी घालून ठेवली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो 'ब्रूहि तन्मे', ते मला सांग. स्पॅनिशमध्ये 'दीमेलो'. आज्ञा आधी, दोन्ही सर्वनामं तिच्या मागे. त्यातलं 'मे' तर आपल्या 'मा-मे'चं सख्खं भावंड आहे आणि 'दी' ज्या धातूपासून आला तोच आपल्या 'दिश्'मध्ये, म्हणजे आदेश-निर्देशात आहे. आता 'दीमेलो' पाठ होत नाही असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आणि आता तो 'से'. 'लेलो' कानाला खटकतं म्हणून 'सेलो' केलं, हे स्पष्टीकरण मी चांगल्या विद्वानांच्या तोंडूनही ऐकलं आहे. कोणाच्या कानाला? ज्या भाषेत मुलीला लोला म्हणतात, एदुआर्दोला लाडाने लालो म्हणतात, समांतरला 'पारालेलो' म्हणतात आणि बावळटाला चक्क 'लेलो' म्हणतात, तिचे कान 'लेलो' ऐकून किटले? हे सांगणाऱ्याने शेवटचा शब्द स्वतःपुरता लिहून ठेवावा.

खरी गोष्ट अशी. लॅटिनमध्ये 'त्याला' म्हणजे 'इल्ली' आणि 'ते' म्हणजे 'इल्लुम'. दोन्ही पाठोपाठ भरभर म्हटल्यावर झालं 'ल्येलो'. इटालियनमध्ये ते आजही तसंच आहे: 'दाल्येलो', त्याला ते दे. पोर्तुगीजमध्ये ते आणखी आखडून 'ल्यु' झालं. गोव्यात ज्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं त्या जुन्या मंडळींना विचारा. स्पेनच्या कास्तीयात मात्र 'ल्य'चा 'झ' होण्याची खोड होती. लॅटिन 'फिलियुम', मुलगा: इटालियन 'फील्यो', पोर्तुगीज 'फील्यु', जुनं स्पॅनिश 'फीझो'. त्याच चालीने 'ल्येलो'चं 'झेलो' झालं. मध्ययुगीन स्पॅनिश लिखाणात 'त्याने त्याला ते दिलं' हे 'दिओझेलो' असंच सापडतं. (रोमन लिपीत हा 'झेलो' हुबेहूब आपल्या 'गेलो'सारखा लिहीत. मराठी वाचक तिथे हटकून फसतो.)

पुढे 'झ'चा 'श' झाला. स्पॅनिश 'स' तसाही 'श'कडे झुकणारा, आणि 'स्वतःला' या अर्थाचा 'से' भाषेत आधीपासून होताच. दोघांची सरमिसळ होऊन १६व्या शतकात 'सेलो'ने 'झेलो'ला हुसकावलं. म्हणजे 'ले'चा 'से' कोणी केलाच नाही, 'झे'चा झाला. तसं घडलं नसतं तर 'फीझो'चा जसा आजचा 'ईखो' झाला तसा 'झेलो'चा 'खेलो' होऊन आज आपण 'दाखेलो' म्हणत बसलो असतो!

या 'से'ने एक घोळ मात्र मागे ठेवला. त्याला, तिला, त्यांना, आपल्याला, सगळ्यांना एकच 'से'. 'दीसेलो' म्हणजे नक्की कोणाला सांगायचं ते संदर्भावरून ओळखायचं. लॅटिन अमेरिकेत लोकांनी यावर तोडगा काढला. 'मी त्यांना ते सांगितलं' हे नियमाने 'से लो दिखे'. पण 'से'वर बहुवचनाचा 'स' चढत नाही, म्हणून त्यांनी तो शेजारच्या 'लो'वर चढवला: 'से लोस दिखे'. गोष्ट एकच सांगितली आहे, ऐकणारे अनेक आहेत. स्पेनमधले शुद्धिवाले याला नाकं मुरडतात. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुशिक्षित माणसं हे सर्रास बोलतात आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. तुमची परीक्षा स्पेनच्या संस्थेची असेल तर तेवढ्यापुरतं 'से लो' लिहा.