मस्टँग चकाचक आहे, तरी भाव येईना

प्रश्न : आमच्याकडे 1965 ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडणाऱ्या कापडी टपाची गाडी आहे, 289 क्युबिक इंचाचं व्ही-8 इंजिन, लेफ्ट हँड ड्राइव्ह. वडिलांनी अंबडच्या एका गॅरेजमध्ये पूर्ण खोलून 6 वर्षांत रिस्टोअर केली, आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकायचीये. पण जो येतो तो झालेल्या खर्चाच्या निम्मेच सांगतो. काय चुकतंय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुम्ही पेंट दाखवताय आणि घेणारा गंज शोधतोय, एवढंच. कन्व्हर्टिबलला वर पत्र्याचं टप नाही, म्हणजे सगळा ताण फ्लोअरवर आणि दरवाजाखालच्या रॉकर पॅनलवर, ते सडलं की गाडी मधून वाकते आणि दरवाजे घासायला लागतात. मग गिऱ्हाइकासमोरच गाडी जॅकवर घ्या आणि दरवाजा उघडून लावून दाखवा ना. दुसरं, मस्टँगचं जुनं दुखणं म्हणजे वायपरपाशी असलेली हवेची जाळी, तिच्या आतला पत्रा सडला की पावसाचं पाणी थेट पायाशी. तिथे बादलीभर पाणी ओता, 5 मिनिटांनी कार्पेटखाली हात घाला, कोरडा आला तर पॉलिशपेक्षा ही बादलीच भाव वाढवेल. ओला आला तर आधी परत अंबड!

पत्रा कापला तेव्हाचे फोटो, पार्टची बिलं असतील तर फाईल करा. बॉनेटखाली फेंडरच्या आतल्या पट्टीवर ठोकलेला नंबर पण दाखवा, त्यात तिसरा-चौथा आकडा 08 म्हणजे कंपनीतूनच कन्व्हर्टिबल, 07 निघाला तर कोणीतरी साध्या टपाची गाडी कापलीये.

कागद म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, घेणारा बाहेरच्या राज्यातला असेल तर आरटीओची एनओसी, फॉर्म 28. 2021 च्या नियमाने व्हीए नंबर, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा खास नंबर, घेतला असेल तर आधीच सांगून टाका, ती गाडी रोज कॉलेज रोडला चहाला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स एवढ्यालाच बाहेर काढायची.

खर्च पूर्ण निघेल अशी आशा मात्र सोडा, 6 वर्षं वडिलांनी हौस केली, तिचे पैसे दुसरा कशाला देईल. जाहिरातीत मसल कार लिहू नका, ते नाव दांडग्या इंजिनाच्या मोठ्या गाड्यांचं, जाणकार मस्टँगला पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी म्हणतात, त्यावरच तासभर वाद घालतील. आणि ट्रायलला वडिलांना शेजारी बसवू नका हं, पहिल्याच स्पीडब्रेकरला ओरडतील.